बाबांचा मोतीबिंदू: मासेमारीबंदीच्या दिवसांत ऑपरेशन करावं की दिवाळीपर्यंत थांबावं?

खाडीकाठची_पोर (२ जून)

मंडळी, सल्ला हवाय, आणि जरा घाईने हवाय.

माझे बाबा ७१ वर्षांचे. मालवण तालुक्यात खाडीकाठी आमचं गाव. जन्म मासेमारीत गेला. आता होडीवर माझा धाकटा भाऊ जातो आणि बाबा पडवीत बसून जाळी सांधतात. मागच्या महिन्यात गावी गेले होते, तेव्हा त्यांच्या शेजारी बसले. फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन ते बोटांनी आस चाचपत होते. सुई दोनदा भलत्याच आसात गेली. तिसऱ्यांदाही चुकली तेव्हा त्यांनी हळूच मान वर करून पाहिलं, माझं लक्ष आहे का ते. मी लहान असताना हाच माणूस कंदिलाच्या उजेडात गजाली मारत मारत जाळं विणायचा.

डावा डोळा धुरकट झालाय, सगळं उजव्यावर चाललंय. रात्री समोरून गाडी आली की दिवा फुटल्यासारखा पसरतो म्हणतात. गावातल्या शिबिरात मोतीबिंदू सांगितला. पण बाबांचं एकच, "पिकान दे आधी. आणि पावसात कोण डोळो कापून घेता? दिवाळीनंतर बघूया." आईही त्यांच्याच बाजूने.

खरंच पिकेपर्यंत थांबायचं असतं का? पावसाळ्यात केलं तर धोका असतो का? आणि जिल्ह्यातच करावं की ठाण्याला माझ्याकडे आणावं?

आंबेवाला_देवगड

थांबू नका. माझ्या आईचं (७८) ऑगस्टमध्ये केलं, बाहेर धो धो पाऊस. सकाळी गेलो आणि संध्याकाळी घरी. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर घरी येऊन पडवीत उभी राहिली आणि म्हणाली, "ही भिंत निळी हा? माका दोन वर्सा हिरवी दिसता." रंग आम्ही दोन वर्षांपूर्वीच दिला होता. तिने तो खरा कधी पाहिलाच नव्हता.

लाल_माती

आधी बाबांची बाजू घेतो. त्यांचं म्हणणं खुळचट नाही, जुनं आहे. माझ्या आजोबांचं ऑपरेशन मी शाळेत असताना झालं. तेव्हा भिंग अख्खं बाहेर काढायचे, छेद मोठा, टाके घालायचे, आणि आत दुसरं भिंग बसवत नसत. म्हणून माणसाला जवळजवळ दिसेनासं होईपर्यंत थांबायला सांगत. आजोबा कितीतरी दिवस डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून उताणे पडून होते. खोकायचं नाही, कूस बदलायची नाही. वैशाखात घामाने टाके चिघळतील ही भीती, म्हणून थंडीचे दिवस बघायचे. नंतर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागला. तुमच्या बाबांनी त्यांच्या आधीच्या पिढीचे हे हाल डोळ्यांनी बघितलेत. "तेव्हा तसं होतं म्हणून थांबत, आता तसं करत नाहीत" असं समजावलंत तर ऐकतील. "तुम्हाला काय कळतं" म्हणालात तर दिवाळीही जाईल आणि शिमगाही.

नेत्रतपासनीस

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, अठरा वर्षं तळकोकणातच काम करतोय. लाल_माती यांनी अगदी बरोबर सांगितलंय. त्यात थोडी भर.

मोतीबिंदू म्हणजे काय, हे मी मच्छीमार मंडळींना बांगड्यावरून सांगतो. ताज्या बांगड्याचा डोळा काचेसारखा असतो. तोच शिजवला की डोळ्यातून पांढराशुभ्र मणी निघतो. तो मणी म्हणजे त्याचं भिंग. आतली प्रथिनं उष्णतेने घट्ट झाली म्हणून पांढरं पडलं. आपल्या भिंगातली प्रथिनं वयाने, उन्हाने, मधुमेहाने, तंबाखूने अशीच हळूहळू गढूळ होतात. मण्याचा पुन्हा कच्चा डोळा करणारं औषध जसं नाही, तसं मोतीबिंदू विरघळवणारे थेंबही नाहीत.

आता फेको पद्धतीत साधारण अडीच मिलिमीटरच्या छेदातून अल्ट्रासाऊंडने भिंगाचा चुरा करून ओढून घेतात आणि घडी घातलेलं नवीन भिंग त्याच वाटेने आत सोडतात. ते आत गेल्यावर उलगडतं. बहुतेक वेळा टाका नाही. उलट मोतीबिंदू पिकून दगडासारखा झाला तर चुरा करायला जास्त जोर लागतो आणि बुबुळाच्या आतल्या नाजूक थराला इजा होऊ शकते. अति पिकलेला मोतीबिंदू फुगून डोळ्याचा दाब एकदम वाढल्याचेही रुग्ण मी पाहिलेत, डोकं फुटेल अशा वेदना घेऊन येतात. रोजची कामं अडायला लागली की वेळ आली असं समजायचं. सुई चुकतेय म्हणजे आलीच.

आणि ऋतूचा काही संबंध नाही. घरी गेल्यावर डोळ्यात पाणी आणि घाणेरडा हात जाऊ द्यायचा नाही, एवढं बारा महिने पाळायचं.

शिंपले

अहो, पावसाळ्यातच करा! १ जून ते ३१ जुलै बंदी. होडी वर ओढलेली, भाऊ घरात, बाबांना ने-आण करायला माणूस मोकळा. दिवाळीनंतर ऐन हंगाम असतो, तेव्हा भाऊ पहाटे समुद्रात आणि बाबा कुणालाही न सांगता किनाऱ्यावर टोपली उचलायला हजर. माझ्या सासऱ्यांनी हेच केलं. डिसेंबरात ऑपरेशन झालं आणि पाचव्या दिवशी खाऱ्या पाण्यात उतरले. डोळा लालभडक. थेंब आणि गोळ्या वेळेत सुरू झाल्या म्हणून निभावलं, पण ते चार दिवस आम्हाला कुणालाच झोप नव्हती. बंदीत केलंत तर नारळी पौर्णिमेला नारळ सोडायला बाबा स्वतः चालत जातील.

गजालीवाला

एक फायदा कुणी सांगितलाच नाही. ऑपरेशन झाल्यावर बाबांना बाजारात शिळा बांगडा कोणी माथी मारू शकणार नाही. माशाचा डोळा बघायला आधी स्वतःचा डोळा हवा! 😄

ठाणे_ते_तळकोकण

माझं मत वेगळं आहे. ठाण्यालाच आणा आणि चांगलं मल्टिफोकल भिंग बसवा. मी वडिलांना बसवलं, जवळचं आणि लांबचं दोन्ही चष्म्याशिवाय दिसतं. आयुष्यात एकदाच करायचं, तर सर्वात महागडं का नको?

आंबेवाला_देवगड

@ठाणे_ते_तळकोकण, म्हाताऱ्या माणसाला चार तपासण्यांसाठी ठाण्याला ठेवून घ्यायचं म्हणजे त्यालाच शिक्षा. ओरोसच्या सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूची ऑपरेशनं होतात, कुडाळ-कणकवली-सावंतवाडीकडे खासगी डॉक्टर आहेत, आणि गोव्याच्या हद्दीजवळची माणसं बांबोळीला, गोव्याच्या सरकारी रुग्णालयात जातात. ऑपरेशनपेक्षा नंतरच्या फेऱ्या जास्त असतात. जवळ असेल तिथे माणूस टाळाटाळ न करता जातो.

नेत्रतपासनीस

भिंगाबद्दल: महाग म्हणजे चांगलं असं नाही. एकाच अंतराचं साधं मोनोफोकल भिंग, लांबचं स्वच्छ आणि जवळच्यासाठी चष्मा, यात बहुतेकांचं उत्तम भागतं. बुबुळाची वक्रता सगळ्या बाजूंना सारखी नसेल तर टोरिक. मल्टिफोकल आत आलेला उजेड वाटून देतं, त्यामुळे काहींना रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात आणि मंद उजेडात चित्र जरा फिकं पडतं. पहाटे तीनला समुद्रावर जाणाऱ्या माणसाला ते मानवेलच असं नाही. डोळ्याच्या आतला मागचा पडदा किंवा मेंदूकडे जाणारी नस अधू असेल तर सहसा टाळतातच.

म्हणूनच @खाडीकाठची_पोर, मला विचारायचंय: शिबिरात फक्त टॉर्च मारून मोतीबिंदू सांगितला, की डोळ्याचा दाब मोजला आणि बाहुली मोठी करून मागची नस पाहिली? घरात कुणाची दृष्टी गेली होती का? बाबांना मधुमेह, दमा? आणि लघवीच्या त्रासासाठी टॅमसुलोसिन ही गोळी चालू आहे का? ती चालू असेल किंवा पूर्वी घेतली असेल तरी सर्जनला आधी सांगा. तिने बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ऑपरेशनच्या वेळी ढिला पडतो. आधी कळलं तर डॉक्टर तयारीने उतरतात.

परसदार

एवढं घाबरून ऑपरेशनकडे पळण्याआधी घरगुती उपाय करून बघा. आमच्याकडे आजी मध घालायची डोळ्यात. चरचरायचं, पाणी यायचं आणि डोळे लख्ख व्हायचे. त्रिफळ्याच्या पाण्याने धुवायचं.

भातखाचर

@परसदार, राग मानू नका, पण हे वाचून मला गप्प बसवेना.

मी कुडाळकडची. चार वर्षांपूर्वी भात झोडताना माझ्या नवऱ्याच्या डोळ्यात तूस उडालं. दिसायला काहीच नाही. जावेने एरंडेल घातलं. दुसऱ्या दिवशी डोळा लाल, तर औषधाच्या दुकानातून "लालीचे थेंब" आणले. थेंबांनी दोन दिवस एकदम बरं वाटलं. त्या थेंबांत स्टेरॉइड होतं. लाली गेली आणि आत बुरशी वाढत राहिली. सहाव्या दिवशी काळ्या बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसला. डॉक्टर म्हणाले, भाताचं पान, तूस, काडी लागून होणारी बुरशी ही शेतकऱ्यांची नेहमीची दुखापत आहे आणि स्टेरॉइडने ती फोफावते. मग बुरशीवरचे नाटामायसिनचे थेंब, सुरुवातीला दिवसरात्र दर तासाला. मी गजर लावून उठायचे. उठवलं की तो काही न बोलता मान मागे करायचा. दोन महिने. डोळा वाचला, पण ठिपक्याच्या जागी कायमचा पांढरा डाग राहिला आणि नजर अर्धी झाली.

मध घातल्यावर पाणी येतं ते डोळा चुरचुरतो म्हणून येतं. त्या पाण्याने कचरा वाहून जात असेल, मोतीबिंदू नाही जात. डोळ्यात काही गेलं तर स्वच्छ पाणी, आणि दुखत राहिलं तर त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर. मधे काही नाही.

परसदार

@भातखाचर, वाचून वाईट वाटलं. मोतीबिंदूबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. आजीच्या दोन्ही डोळ्यांनी शेवटी दिसत नव्हतं, हे लिहिताना आठवलं.

रानमेवा

पाण्याचा विषय निघालाय म्हणून दोन गोष्टी, कारण आपल्याकडे घराघरात आहेत. एक, काजूचा डीक. ओले काजू सोलताना उडाला तर कातडी भाजते, डोळ्याचं काय होईल. दुसरी त्याहून वाईट, पानाचा चुना. माझ्या भाचीने आजीची डबी दाबली आणि चुना थेट डोळ्यात. वहिनी परिचारिका होती म्हणून वाचलो. तिने पोरीला मोरीत आडवी धरली आणि तांब्यावर तांब्या पाणी ओतत राहिली, पंधरा-वीस मिनिटं, पापणी उलटून अडकलेले कणसुद्धा काढले, आणि मगच गाडीत घातली. पोर किंचाळत होती, आम्ही सगळे "अगो, आधी डॉक्टरकडे ने" ओरडत होतो. डॉक्टर म्हणाले, तुम्ही आधी गाडी काढली असती तर वाटेत बुबुळ गेलं असतं. चुना अल्कली, तो आत आत झिरपत जातो.

शिंपले

@भातखाचर, तुमच्या यजमानांना बुबुळ बदलण्याचं विचारलंत का?

भातखाचर

विचारलंय, नाव नोंदवलंय. वाट बघतोय.

सड्यावरची

यावर लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. गेल्या वर्षी माझी आई गेली. नेत्रदान तिने सांगून ठेवलं होतं. त्या वेळी घरात कुणाला काही सुचत नव्हतं. शेजारच्या मुलाने सहा तासांच्या आत व्हायला हवं म्हणून नेत्रपेढीला फोन केला. त्यांनी फोनवरच सांगितलं: पंखा बंद करा, पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. पंधरा-वीस मिनिटांत सगळं झालं आणि आईचा चेहरा जसा होता तसाच होता. नातेवाईक कुजबुजत होते की तिला चष्मा होता, साखर होती, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, चालतात का असले डोळे? चालतात. बुबुळ वेगळं आणि भिंग वेगळं.

भातखाचर, तुमच्या घरी लवकर फोन येवो.

खाडीकाठची_पोर (११ जून)

सगळ्यांचे खूप आभार. शिंपलेताईंचं बंदीचं म्हणणं भावाने बाबांना जसंच्या तसं सांगितलं. बाबा म्हणाले, "ह्या बाकी खरा." एवढ्यावर तयार झाले! मी रजा काढून गावी आलेय.

@नेत्रतपासनीस, मधुमेह नाही, दमा नाही. लघवीची ती गोळी दोन वर्षांपासून चालू आहे. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी कागदावर लाल पेनाने लिहिलं. आणि तुम्ही विचारलंत म्हणून दाब मोजून घेतला. उजवा २४, डावा २६. डॉक्टरांनी मागची नस बघायला बराच वेळ घेतला. म्हणाले, मोतीबिंदू तर आहेच, पण काचबिंदूचीही सुरुवात दिसतेय.

तेव्हा मला काका आठवले. बाबांचे थोरले भाऊ. शेवटची सहा-सात वर्षं आंधळे होते. "म्हातारपणान डोळे गेले" असंच आम्ही सगळे म्हणत आलो. ते समोरचं बघायचे पण बाजूला ठेवलेल्या तांब्याला अडखळायचे. आम्ही त्यांना वेंधळे म्हणायचो. कुणी कधी त्यांच्या डोळ्याचा दाब मोजला नाही.

नेत्रतपासनीस

वेळेत सापडलं, हे फार मोठं काम झालं.

मोतीबिंदूने गेलेली नजर परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस झिजते. साधारण १० ते २१ हा दाब नेहमीचा मानतात, पण काहींची नस त्या दाबातही झिजते, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका, नस बघायलाच लागते. दुखत नाही, लाल होत नाही. आधी कडेची नजर जाते आणि समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं, म्हणून माणूस "माका दिसता" म्हणत राहतो. काकांच्या तांब्याचं वाचून मला तेच वाटलं.

यावर उपाय म्हणजे दाब कमी ठेवणं. बहुतेकांना रोजचे थेंब, काहींना लेसर, काहींना ऑपरेशन. मोतीबिंदू काढल्यावर काही जणांचा दाब थोडा उतरतो, तेवढ्यावर विसंबायचं मात्र नाही. मल्टिफोकलचा विषय इथे संपला, साधं भिंगच बरं.

आणि आता तुमचं स्वतःचं. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला काचबिंदू असेल तर धोका कितीतरी वाढतो. तुम्ही आणि भाऊ दोघांनीही तपासून घ्या, चष्मा असो वा नसो.

ठाणे_ते_तळकोकण

मल्टिफोकलचा आग्रह मी धरला होता, बरं झालं इथे विचारलंत. आमच्या वडिलांचा दाब कधी मोजला होता ते मलाही माहीत नाही. या शनिवारी नेतो.

लाल_माती

माझी बायको तेरा वर्षं मधुमेही, "मला नीट दिसतं" म्हणून तपासणी टाळायची. हा धागा तिला वाचायला दिला. काल बाहुली मोठी करून पडदा बघितला, रक्तवाहिन्या गळायला लागल्यात. ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन, झाली. डोळ्यात इंजेक्शन द्यायचं ठरलंय. इंजेक्शन म्हटल्यावर ती घाबरली, पण थेंबांनी डोळा बधिर करतात असं कळल्यावर तयार झाली. मधुमेह्यांनी नजर चांगली असतानाच वर्षातून एकदा जायचं असतं, हे आम्हाला तेराव्या वर्षी कळलं.

खाडीकाठची_पोर (२७ जून)

२० तारखेला डाव्या डोळ्याचं झालं. आत जाईपर्यंत बाबांनी माझं मनगट सोडलं नाही. वीसेक मिनिटांत बाहेर आले आणि म्हणाले, "सुरू कधी करतले?" त्यांना वाटलं नुसती तयारीच चाललीय.

गोळीमुळे बाहुली नीट मोठी होत नव्हती, म्हणून ती धरून ठेवणारी छोटी कडी वापरावी लागली असं डॉक्टर म्हणाले. आधी सांगितलंत म्हणून कडी तयार ठेवली होती, म्हणाले. @नेत्रतपासनीस, हे तुमच्यामुळे.

आज सातवा दिवस. बाहेर पाऊस कोसळतोय, बाबा काळा चष्मा लावून पडवीत. आईने त्यांच्या हातात सुई द्यायची नाही म्हणून जाळं माळ्यावर टाकलंय.

गजालीवाला

आईंका सांगा, शिडी पण लपवा! 😄

खाडीकाठची_पोर (१९ जुलै)

चार आठवडे झाले. नजरेच्या परिघाची तपासणी झाली, बटण दाबायची. डाव्या डोळ्याची नाकाकडची वरची बाजू थोडी गेलीय, उजवा जवळजवळ चांगला. रात्री एक थेंब, दोन्ही डोळ्यांत, लॅटानोप्रोस्ट. कायम. उजव्याचा मोतीबिंदू पुढच्या वर्षीच्या बंदीत, असं बाबांनी स्वतःच डॉक्टरांना सांगितलं.

माझा आणि भावाचा दाब व्यवस्थित आहे. भावाच्या मात्र दोन्ही डोळ्यांत नाकाकडून मांस वाढायला लागलंय, टेरिजियम. उन्हाने, वाऱ्याने होतं म्हणे, किनाऱ्यावरच्या लोकांत फार. सध्या कापायची गरज नाही, पण होडीवर रुंद काठाची टोपी आणि गॉगल. टोपी घेतली, गॉगलला अजून लाजतोय.

काल बाबांनी जाळं माळ्यावरून खाली काढायला लावलं. मी मुद्दाम बाजूला बसले. उजवा डोळा हाताने झाकून डाव्याने बघत त्यांनी सुई घातली. पहिल्याच खेपेला गेली. मग डोळ्यावरचा हात काढून अख्खी फाट सांधली आणि तिकडे न बघताच मला म्हणाले, "तुझ्या थोरल्या काकाक ह्या कोणी सांगला नाय."

एक शेवटचं विचारते. थेंबांची बाटली फ्रीजमध्ये ठेवायला सांगितलीय, पण इथे पावसात दिवस दिवस लाइट नसते. खराब होईल का?

नेत्रतपासनीस

न उघडलेली बाटली थंडच हवी, ती दुकानातून गरजेपुरतीच आणा. उघडलेली बाटली काही तास लाइट गेल्याने बिघडत नाही, फक्त उन्हात आणि चुलीजवळ ठेवू नका. लाइट नाही तेव्हा माठाच्या बाजूला, बॉक्समध्ये. थेंब शिल्लक असले तरी उघडल्यापासून साधारण महिन्याने टाकून नवीन घ्यायची. थेंब घातल्यावर पापणी मिटून नाकाजवळचा कोपरा दोनेक मिनिटं बोटाने हलका दाबून धरायचा. आणि बाटली उघडाल त्या दिवशी पेनाने तिच्यावर तारीख लिहा, पाठ आहे म्हणून सोडू नका.

खाडीकाठची_पोर

लिहिली. १८ जुलै. बाबांनीच लिहिली.